लघवीची गोळी, शहाळं आणि रक्ताचा रिपोर्ट

या महिन्यात तुमची पत्रं आणि मेसेज वाचायला बसले तर बरेचसे एकाच गोळीबद्दल निघाले. कुणी तिला लघवीची गोळी म्हणतं, कुणी पाण्याची, कुणी सूज उतरायची, कुणी थेट स्ट्रिपचा फोटोच पाठवलाय, त्यावर कुठे आल्डॅक्टोन लिहिलंय, कुठे लासिलॅक्टोन, कुठे डायटर प्लस. नावं वेगवेगळी पण आत एक औषध सगळ्यांत आहे, स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे शरीरातलं पोटॅशियम राखून ठेवणारी लघवीची गोळी. म्हटलं या वेळचं सदर तिलाच देऊन टाकू. नावं छापलेली नाहीत, गाव आणि नातं तेवढं ठेवलंय. आणि हो, यातल्या कुणालाच मी तपासलेलं नाही, त्यामुळे डोस बदलायचा की गोळी थांबवायची हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच, लक्ष कशाकडे ठेवायचं ते मात्र मी सांगू शकते.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी अटॅक आला त्यानंतर हार्टचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय. सकाळी टॉर्सेमाइड आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन २५ अशा लघवीच्या दोन-दोन गोळ्या चालू आहेत, शिवाय रॅमिप्रिल वगैरे. पायाची सूज कधीच उतरली, मग आता दोन कशाला? आणि दर वेळी रक्त तपासून या म्हणतात, दर वेळी पोटॅशियम नॉर्मलच येतं. स्पष्ट विचारतो, हा लॅबवाल्यांचा धंदा आहे का? – मुलगा, नाशिक

उत्तर : स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत, बाकीचे मनातच ठेवतात आणि गपचूप टेस्ट टाळतात. धंदा नाहीये. का नाही ते सांगते, पण आधी दोन गोळ्यांचं.

टॉर्सेमाइड ही जोरात काम करणारी, तासाभरात बाथरूमला पळवणारी गोळी. मीठ-पाणी बाहेर काढते पण त्याबरोबर पोटॅशियमही घेऊन जाते. स्पायरोनोलॅक्टोनचं काम निराळं. किडनीच्या डोक्यावर अ‍ॅड्रिनल नावाची छोटी ग्रंथी असते, ती अल्डोस्टेरॉन नावाचं हॉर्मोन सोडते आणि त्या हॉर्मोनमुळे किडनी मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम टाकून देते. हार्टचं पंपिंग कमी झालं की किडनीकडे रक्त कमी पोचतं, शरीराला वाटतं अंगात पाणीच कमी पडलंय, मग हे हॉर्मोन वाजवीपेक्षा जास्त सुटायला लागतं, त्याने सूज तर येतेच पण हार्टच्या स्नायूतही हळूहळू कडकपणा येत जातो. स्पायरोनोलॅक्टोन या हॉर्मोनला त्याच्या जागेवर बसू देत नाही. लघवी वाढवण्याचा तिचा स्वतःचा परिणाम तसा बेताचाच, आणि तोही दोन-तीन दिवसांनी दिसणारा. २५ मिलिग्रॅमची ही गोळी तुमच्या वडिलांना मुख्यतः हार्ट सांभाळायला दिलीय, त्यामुळे सूज उतरली म्हणून ती बंद करायची नसते. १९९९ मध्ये रेल्स नावाचा अभ्यास आला, गंभीर हार्ट फेल्युअरचे सोळाशेवर पेशंट, निम्म्यांना ही गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि औषधवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी निघालं. फरक इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

आता तुमच्या लॅबवाल्यांकडे येते. तो अभ्यास छापून आल्यावर जगभर डॉक्टर धडाधड ही गोळी लिहायला लागले. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात याचा हिशोब काढला गेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. रॅमिप्रिलसारख्या बीपी-हार्टच्या गोळ्या घेणारे हार्ट फेल्युअरचे वयस्कर पेशंट, त्यांच्यात पोटॅशियम वाढलं म्हणून अ‍ॅडमिट व्हायचं प्रमाण १९९४ मध्ये हजारात २.४ होतं ते २००१ मध्ये हजारात ११ झालं, आणि त्याने होणारे मृत्यूही वाढले. गोळी तीच होती हो. अभ्यासातल्या पेशंटचं रक्त ठरल्या दिवशी तपासलं जायचं, किडनी फार खराब असलेल्यांना आधीच वगळलं होतं, बाहेरच्या जगात यातलं काही धड होत नव्हतं.

वाढलेलं पोटॅशियम दिसत नाही हीच त्याची मोठी अडचण. बीपी वाढलं तर डोकं तरी दुखतं कधी कधी, इथे पोटॅशियम ५.८, म्हणजे नॉर्मलच्या बरंच वर असलेला माणूस समोर बसून चहा पीत गप्पा मारत असतो. कधी पाय गळाल्यासारखे वाटतात, मुंग्या येतात, नाडी मंद होते, छातीत धडधडतं, पण कधी कधी पहिलं लक्षण म्हणजे हार्टची लयच बिघडते. म्हणून गोळी सुरू करण्याआधी एकदा, मग साधारण आठवड्याने, महिन्याने, आणि सगळं ठीक असेल तर दर तीन-चार महिन्यांनी पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनी किती चालतेय ते सांगणारा आकडा) आणि सोडियम बघायचं. डोस वाढवला किंवा सोबतची एखादी गोळी बदलली की परत सुरुवातीपासून. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मध्ये असावं, ५.५ च्या वर गेलं की डॉक्टर बहुधा डोस अर्धा करतात, ६ च्या वर म्हणजे गोळी बंद आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. रॅमिप्रिलनेही पोटॅशियम थोडं वाढतं, तरी ही जोडी मुद्दाम दिलेली असते कारण हार्टला दोन्हीचा फायदा होतो, म्हणून तर रक्तावर नजर. तुमच्या वडिलांचा रिपोर्ट दर वेळी नॉर्मल येतोय म्हणजे डोस बरोबर बसलाय एवढाच त्याचा अर्थ. एक फाइल करा, तारीख टाकून लावत जा. ४.२, ४.६, ४.९ असं चढत चाललं असेल तर तिन्ही आकडे नॉर्मल असूनही डॉक्टरांना दाखवायला हवं.

प्रश्न : मॅडम, आमची स्वतःची माडाची बाग आहे. यांना हार्टसाठी आल्डॅक्टोन सुरू केली, क्रिएटिनिन १.६ आहे म्हणाले. हे रोज सकाळी शहाळं पितात, ती सवय जन्मापासूनची. शेजारच्या वहिनी म्हणतात शहाळं, केळी, टोमॅटो, बटाटा सगळं विष झालं आता. मी त्यांच्यासाठी खास लो सोडियम मीठ आणलंय ते चालेल ना? की सैंधव वापरू? – गृहिणी, गुहागर

उत्तर : वहिनींचं निम्मं बरोबर आहे, आणि तुम्ही सगळ्यात शेवटी जे विचारलंत ते सगळ्यात आधी बंद करा. लो सोडियम मीठ. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात बघा, पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं असेल. सोडियम कमी करून खारट चव आणायची तर त्याच्या जागी पोटॅशियम घालतात. ज्या मिठात ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड आहे ते दिवसभरात ५ ग्रॅम पोटात गेलं तर पावणेआठशे मिलिग्रॅमच्या आसपास जास्तीचं पोटॅशियम झालं, रोज, आमटीतून, भाजीतून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. बाकीच्यांसाठी हे मीठ चांगलंही असेल, पण ही गोळी आणि त्यात किडनी थोडी कमी चालणारी, अशा माणसाला नको. घरात प्रेमाने आणलेली ही एक वस्तू केळ्यांपेक्षा जास्त त्रास देऊ शकते, आणि डॉक्टर विचारतात तेव्हा मीठ कमी केलंय एवढंच सांगितलं जातं, कोणतं मीठ ते राहून जातं.

सैंधवाचं म्हणाल तर ते बहुतांशी साधं सोडियमवालंच मीठ, रंग गुलाबी म्हणून गुण बदलत नाहीत. पोटॅशियमची भीती त्यात फारशी नाही पण सूज आणि बीपीला ते साध्या मिठासारखंच. तेव्हा साधंच मीठ वापरा, कमी वापरा, आणि तुमच्याकडे सुकट-बोंबील, पापड, लोणचं यातून किती मीठ जातंय ते बघा. मला वाटतं तिथेच खरी बचत आहे.

शहाळं. मध्यम शहाळ्यात तीनशे मिली पाणी धरलं तर सहा-सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं, एका केळ्यात चारशेच्या आसपास. किडनी ठणठणीत असलेल्या माणसाला हे काहीच नाही, उलट चांगलं. तुमच्या यजमानांचं क्रिएटिनिन १.६ आहे, म्हणजे पोटॅशियम बाहेर जायची वाट आधीच थोडी अरुंद, त्यात गोळीने ती आणखी अरुंद केली, आणि बहुधा सोबत बीपी-हार्टची अशीच दुसरीही एखादी गोळी असेल. टाकीची खालची तोटी बारीक केल्यावर वरचा नळ पूर्ण सोडून कसं चालेल. तर रोजचं शहाळं थांबवा. कधीतरी पाहुणे आले म्हणून अर्धा ग्लास घेतलं तर काय, हे त्यांचा ताजा पोटॅशियमचा आकडा बघून डॉक्टरांना विचारा, ४.१ असेल तर उत्तर वेगळं मिळेल, ५.२ असेल तर वेगळं.

पण म्हणून सगळी फळं-भाज्या बंद करून माणसाला नुसत्या पेजेवर ठेवू नका. मी असे पेशंट बघते ज्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून डाळ, भाजी, फळ सगळं सोडलं आणि वजन, ताकद घालवून बसले. पोटॅशियम नॉर्मल असेल तर नेहमीचं घरचं जेवण जेवायचं, फक्त एकदम ढीग नको. उपवासाच्या दिवशी तो ढीग नकळत होतो बघा, रताळं, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू, दाण्याची आमटी, वर खजूर आणि केळं. त्या मानाने साबुदाण्यात पोटॅशियम नगण्य, पण खिचडीत दाण्याचं कूट आणि बटाटा आलाच. रिपोर्ट वर गेलेला असेल तर बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकून द्यायचं, तशीच पालेभाजी, त्याने बरंच पोटॅशियम निघून जातं. ही युक्ती गरज असेल त्यांनीच करायची.

प्रश्न : गोळी सकाळी घ्यायची की रात्री, उपाशीपोटी की जेवून? आणि विसरलो तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तर चालतं का? – वाचक, अकोला

उत्तर : सकाळी, नाश्त्याबरोबर. खाल्ल्यावर ही गोळी जास्त शोषली जाते, म्हणून रोज एकच पद्धत ठेवा, आज उपाशी उद्या जेवून असं नको. रात्री घेतली तर झोपमोड होते आणि अंधारात बाथरूमला जाताना वयस्कर माणसं पडतात. विसरलात आणि दुपारी आठवलं तर तेव्हा घ्या, रात्री आठवलं तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

प्रश्न : माझी सासू ६३ वर्षांची आहे, बीपी तीन गोळ्यांनी आटोक्यात येत नव्हतं म्हणून स्पायरोनोलॅक्टोन चौथी सुरू केली, बाकी टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन आहे. बीपी आता छान आहे. त्या आळंदीहून पंढरपूरला पायी वारीला जाणार म्हणतायत, दर वर्षी जातात, थांबवलं तर ऐकणार नाहीत. गुडघे दुखतात तेव्हा वाटेत मिळेल ती गोळी घेतात. काय काळजी घ्यायला सांगू? – सून, बारामती

उत्तर : थांबवू नका, तयारी करून पाठवा. चौथी गोळी म्हणून हीच का दिली हे आधी सांगते, तीन गोळ्यांनी न ऐकणाऱ्या बीपीवर चौथी कुठली चांगली यावर ब्रिटनमध्ये पाथवे-२ नावाचा अभ्यास झाला, २०१५ चा, त्यात स्पायरोनोलॅक्टोन बाकीच्यांपेक्षा सरस ठरली. तेव्हा गोळी योग्यच आहे. वारीत ती घेऊन चालायचं कसं, तेवढं बघू.

एक म्हणजे गुडघे. वाटेत सेवाभावी लोकांचे दवाखाने, औषधाचे स्टॉल असतात, मंडळी खूप चांगलं काम करतात, पण गर्दीत कुणी विचारत बसत नाही की माउली तुम्हाला बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या नेहमीच्या पेनकिलर किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. टेल्मिसार्टन, लघवीच्या गोळ्या (स्पायरोनोलॅक्टोन आणि क्लोरथॅलिडोन) आणि वर पेनकिलर हे त्रिकूट किडनीवर एकदम बसतं, त्यात दिवसभर ऊन आणि पाणी कमी प्यालेलं, की चार दिवसांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही चढू शकतं. म्हणून त्यांच्या पिशवीत तुम्हीच साधी पॅरासिटामॉल द्या, डोस डॉक्टरांना विचारून लिहून द्या, आणि मिक्स गोळी घेऊ नका म्हणून सांगा, कारण बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत अ‍ॅसिक्लोफेनॅक असतंच. गुडघ्याला पट्टा, शेक, तेल, हे सगळं चालेल.

दुसरं म्हणजे जुलाब-उलट्या. एवढ्या मोठ्या गर्दीत पोट बिघडतंच कुणाचं ना कुणाचं. अशा वेळी अंगातलं पाणी जातं, बीपी उतरतं, किडनीला रक्त कमी मिळतं, आणि लघवीच्या गोळ्या मात्र आपलं काम चालूच ठेवतात. डॉक्टर बहुधा सांगतात की जुलाब, उलट्या, मोठा ताप असेल किंवा खाणंपिणंच बंद झालं असेल तर स्पायरोनोलॅक्टोन, क्लोरथॅलिडोन आणि टेल्मिसार्टन त्या दिवसांपुरत्या थांबवा आणि एक-दोन दिवस नीट जेवण-पाणी सुरू झालं की परत चालू करा. पण हे मी सांगितलं म्हणून करू नका, निघण्याआधी डॉक्टरांकडून कोणत्या गोळ्या कधी थांबवायच्या ते मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून घ्या. हार्टच्या पेशंटला हाच नियम थोडा वेगळा लागू शकतो म्हणून प्रत्येकाने आपापला विचारायचा.

ओआरएसमध्ये पण पोटॅशियम असतं, एक लिटरवाल्या पाकिटात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. खरंच जुलाब चालू असतील तर शरीरातून पोटॅशियमही जात असतं, तेव्हा ओआरएस द्यायचंच, घाबरायचं नाही. पण ऊन लागलंय म्हणून रोज सरबतासारखं पीत राहायचं ते नको, त्यापेक्षा साधं पाणी, पातळ ताक.

आणि लघवीची जळजळ झाली म्हणून कुणी अँटिबायोटिक दिलं तर त्यात ट्रायमेथोप्रिम आहे का विचारायचं. को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे सेप्ट्रान वगैरे, यात ते असतं आणि तेही पोटॅशियम अडवतं, वयस्कर माणसांत स्पायरोनोलॅक्टोनसोबत ही जोडी खरोखर धोक्याची ठरलेली आहे. दुसरं अँटिबायोटिक देता येतं.

निघण्याआधी आठवडाभरात रक्त तपासून घ्या, परत आल्यावर पुन्हा एकदा. एक जाड कागद प्लास्टिकमध्ये घालून त्यांच्या गळ्यातल्या पाउचमध्ये ठेवा, सगळ्या गोळ्यांची नावं, शेवटचं पोटॅशियम, तुमचा फोन नंबर. चक्कर येतेय, पाय लटपटतायत, लघवी खूप कमी झालीय असं वाटलं तर त्या दिवशीचं चालणं बंद, गाडीत बसायचं, आणि दवाखाना.

प्रश्न : विचारायला लाज वाटते. वय ५७. सहा महिने आल्डॅक्टोन घेतोय, छाती बायकांसारखी दुखरी आणि थोडी मोठी झालीय. बायकोलाही सांगितलं नाही. गोळी मनानेच बंद केली तर? – वाचक, सांगली

उत्तर : दादा, लाजू नका, हा या गोळीचा अगदी ओळखीचा परिणाम आहे. वर सांगितलेल्या रेल्स अभ्यासात औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी दहा टक्क्यांना हे झालं होतं. स्पायरोनोलॅक्टोनची ठेवण शरीरातल्या हॉर्मोनसारखीच असल्यामुळे ती अल्डोस्टेरॉनबरोबर पुरुषी हॉर्मोनचंही काम थोडं अडवते, म्हणून असं होतं. यावर पर्याय आहे, एप्लेरेनोन नावाची गोळी, ती थोडी महाग पडते पण हा त्रास त्यात क्वचितच होतो, पोटॅशियमची तपासणी मात्र तिच्यासाठीही तशीच. मनाने बंद करू नका, या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि एका वाक्यात सांगा, ते रोज ऐकतात हे. फक्त एकाच बाजूला कडक गाठ लागत असेल, किंवा बोंडातून काही येत असेल तर गोळीचंच असेल म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या. आणि बायकोला सांगा, तिला कळलं असेलच आत्तापर्यंत.

प्रश्न : मी २५ वर्षांची आहे, पीसीओएस, चेहऱ्यावर केस आणि पिंपल्स. स्किनच्या डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन ५० दिली. आईने नेटवर वाचलं, ही हार्टची गोळी आहे, आणि रडायलाच लागली. डिसेंबरमध्ये लग्न आहे. घेऊ का? – वाचक, पुणे

उत्तर : आईला सांग हार्टला काही झालेलं नाही. सांगलीच्या दादांना जो त्रास झाला तोच गुण इथे उपयोगी पडतो, पुरुषी हॉर्मोनचा जोर कमी झाला की पिंपल्स आणि केसांची वाढ कमी होते. पण चार-सहा महिने धीर धरावा लागतो, लग्नाच्या फोटोंसाठी महिनाभर आधी सुरू करून उपयोग नाही. तुझ्या वयात किडनी, हार्ट चांगलं असेल आणि बीपीची औषधं नसतील तर पोटॅशियम वाढायचा धोका फार कमी, डॉक्टर सुरुवातीला एकदा तपासतील आणि पुढे सारखं सारखं लागणार नाही कदाचित. पाळी मागेपुढे होऊ शकते.

तुझ्यासाठी खरा मुद्दा प्रेग्नन्सीचा आहे. या गोळीवर असताना दिवस जायला नकोत, पोटात मुलगा असेल तर त्याच्या अवयवांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून लग्नाची तारीख डॉक्टरांना आत्ताच सांग, गर्भनिरोधक काय वापरायचं ते ठरव, आणि मूल हवं असं ठरलं की आधी गोळी बंद, मग प्रयत्न. अजून एक, पीसीओएससाठी ज्या पाळीच्या गोळ्या देतात त्यातल्या काहींमध्ये ड्रोस्पायरेनोन असतं, ते स्पायरोनोलॅक्टोनचंच भावंड म्हणायचं, तेही थोडं पोटॅशियम राखतं. स्त्रीरोगतज्ज्ञ एक गोळी लिहितात, स्किनवाले दुसरी, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नसतं. दोन्ही प्रिस्क्रिप्शन दोघांना दाखव.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, आईबाबा ठाण्यात. बाबांचं रक्त घरी येऊन घेऊन गेले आणि शनिवारी रात्री रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला, पोटॅशियम ६.२. ते स्पायरोनोलॅक्टोन घेतात. बाबा म्हणतात मी ठणठणीत आहे, सोमवारी बघू. असं थांबावं का? – मुलगी

उत्तर : नाही, थांबायचं नाही. तुमचं तेव्हा काय झालं माहीत नाही पण हा प्रसंग कुणावरही येऊ शकतो म्हणून छापतेय. ६.२ हा आकडा खोटा असू शकतो हे खरं. पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असतं, दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधला, मूठ सारखी उघडमीट करायला लावली, किंवा नमुना उन्हात स्कूटरवर दोन-चार तास फिरला की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं, कधी लाल पेशीच फुटतात, मग आकडा फुगतो. रिपोर्टखाली कधी हिमोलाइज्ड, म्हणजे पेशी फुटलेला नमुना, असा शेरा असतो, तो बघा. पण खोटा असेल असं समजून झोपायचं नाही, खरा आहे असं समजून तपासायचं. म्हणजे त्याच रात्री जवळच्या ज्या हॉस्पिटलला चोवीस तास लॅब आहे तिथे जायचं, ईसीजी काढायचा, रक्त परत द्यायचं. पुढची स्पायरोनोलॅक्टोन डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत द्यायची नाही. ठणठणीत वाटणं हा इथे पुरावाच नाही, नाशिकच्या उत्तरात लिहिलंय ते.

प्रश्न : भाऊ ४६ वर्षांचा, लिव्हर सिरॉसिस, पोटात पाणी होतं म्हणून स्पायरोनोलॅक्टोन १०० आणि फ्युरोसेमाइड ४० चालू आहे. त्याला मुतखडाही आहे, त्यासाठी गावातल्या एकांनी श्वेत पर्पटी आणि एक सिरप दिलंय. आयुर्वेदिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही ना? – बहीण, लातूर

उत्तर : ताई, आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, पण श्वेत पर्पटी कशाची बनते बघा, सोरा, तुरटी आणि नवसागर. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. यवक्षार, ज्याला जवखार म्हणतात, त्यातही पोटॅशियमचेच क्षार. आणि सिरपच्या बाटलीवर पोटॅशियम सायट्रेट लिहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे, मुतखड्याला तेच देतात. यातलं काहीही १०० मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोनवर असलेल्या माणसाला परस्पर देऊ नये. ज्यांनी दिलंय त्यांना गोळ्यांची यादी दाखवा, चांगला वैद्य लगेच बदलून देईल, आणि लिव्हरच्या डॉक्टरांनाही हे दाखवा. आधीच सुरू केलं असेल तर उद्याच पोटॅशियम तपासा.

बाकी लिव्हरच्या पेशंटचा डोस हार्टच्या पेशंटपेक्षा मोठा असतो म्हणून दचकू नका. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन घ्या आणि लिहा. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत. त्याहून भराभर उतरलं तर किडनीला झेपत नाही. तो गुंगीत वाटला, दिवसा झोपतोय रात्री जागतोय, असंबद्ध बोलतोय असं दिसलं तर गोळीची पुढची वेळ बघत बसू नका, लगेच न्या. पेनकिलर त्याला अजिबात नाही. दारू बंद असेल असं धरून चालते.

प्रश्न : मेडिकलवाल्याने डायटरऐवजी डायटर प्लस दिली, म्हणाला सेमच आहे, प्लस म्हणजे जास्त चांगली. – वाचक, डोंबिवली

उत्तर : सेम नाही. डायटरमध्ये नुसतं टॉर्सेमाइड, डायटर प्लसमध्ये टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन. लासिक्स आणि लासिलॅक्टोनचंही तसंच, पहिलीत नुसतं फ्युरोसेमाइड, दुसरीत त्यासोबत स्पायरोनोलॅक्टोन. तुम्हाला वेगळी आल्डॅक्टोन चालू असेल आणि वर ही प्लसवाली आली तर स्पायरोनोलॅक्टोन दोनदा जातंय आणि चिठ्ठीवर ते कुठेच दिसत नाही. आजच दुकानात परत जा, प्रिस्क्रिप्शनवर लिहिलंय तेच मागा, आणि मधल्या दिवसांत दोन्ही घेतल्या असतील तर डॉक्टरांना फोन करून पोटॅशियम तपासून घ्या. ब्रँड बदलला तरी चालतो, स्ट्रिपच्या मागे औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळायला हवेत, चष्मा लावून काउंटरवरच वाचा.